कापसाच्या खोलीतला कुबट वास, संत्र्याच्या साली आणि फसलेला फवारा

सपरीवाली (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. आमचे घर जुने, मातीच्या जाड भिंतींचे आणि कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, आहे. यंदाही भाव वाढेल या आशेने दिवाळीपासून समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता. त्यातला अर्धा गेल्या आठवड्यात विकला आणि अर्धा अजून तिथेच आहे. त्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या माजघरात एक कुबट, सरकीसारखा तेलकट वास बसला आहे, जो शेणाने सारवूनही जात नाही. बाजारातला सुगंधी फवारा मारला की सासूबाईंना ढास लागते, कारण त्यांना दमा आहे, आणि घरात दीड वर्षाचा मुलगाही आहे. म्हणून मसाल्याचे जिन्नस आणि सुगंधी तेले वापरून घरीच काही करता येईल का, या विचाराने मी एका व्हिडिओत दाखवलेला प्रयोग केला.

त्यात एक वाटी पाणी, पाव वाटी व्होडका, संत्र्याच्या तेलाचे तीस थेंब आणि लवंगेच्या तेलाचे दहा थेंब असे प्रमाण होते. व्होडकाचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि खोलीला वास यावा म्हणून चोरून बाटली आणणारी सून अशी ख्याती मला गावात नको आहे. त्याऐवजी करोनाच्या काळातले उरलेले सॅनिटायझर घातले. मिश्रण गढूळ आणि चिकट झाले, पाच मिनिटांत तेल वर तरंगले, सुरुवातीच्या फवाऱ्यांत नुसते पाणी आले आणि तळाशी उरलेले हलवून मारले तेव्हा चुना दिलेल्या भिंतीवर पिवळे डाग पडले. त्याहून विचित्र म्हणजे तेलाची छोटी बाटली मी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली होती. तिच्या बुडाशी ओघळलेल्या दोन-चार थेंबांनी त्या थर्माकोलला रुपयाएवढे भोक पाडले. हे पाहून मी फवाऱ्याचा नाद सोडला.

आता माझ्या शंका अशा आहेत. मद्याशिवाय फवारा जमतो का, की तो विचारच सोडावा? आमच्याकडे बांधावर संत्र्याची सात झाडे आहेत आणि सध्या मृगाची फळे उतरत आहेत, पण मागच्या वर्षी वाळवलेल्या सालींना बुरशी आली होती; त्या नीट कशा वाळवाव्यात? उन्हाळ्यात सुगंध टिकतच नाही असे शेजारीण म्हणते, ते खरे आहे का? आणि शेवटचे म्हणजे, पुढच्या पंधरवड्यात कूलर माळ्यावरून खाली निघेल, तर त्याच्या टाकीत हेच तेल टाकले तर चालेल का? संध्याकाळी कापसाच्या खोलीत लोबानचा धूप घालावा असेही मनात आहे.

मृगबहार (मोर्शीजवळ, जि. अमरावती)

ताई, सालींचे मी सांगते, कारण आमच्या घरी चार महिने संत्रीच संत्री असतात आणि सासूबाईंच्या काळापासून उटण्यासाठी साल वाळवण्याचे काम माझ्याकडे आहे.

बुरशी येते ती सालीच्या आतल्या पांढऱ्या भागामुळे. वास असतो तो बाहेरच्या नारिंगी कातडीतल्या बारीक बारीक तेलाच्या पिशव्यांत. पांढरा भाग नुसता पाणी धरून ठेवतो. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे ती अखंड सुटते आणि आतला पांढरा थर चमच्याच्या कडेने सहज खरवडून निघतो. मोसंबीचे तसे नाही, तिथे हात दुखतात. झाडांवर फवारणी झाली असेल तर फळ सोलण्याआधीच चोळून धुवावे आणि पुसून कोरडे करावे. मग करंगळीच्या नखाएवढे तुकडे कापून, जुन्या सुती लुगड्यावर, बाजेवर, एकावर एक न येतील असे पसरावेत. उन्हात ठेवू नका. उन्हात ते लवकर वाळतात खरे, पण ज्या वासासाठी हा खटाटोप करायचा तो दुपारच्या झळीबरोबर उडून जातो. सध्याच्या कोरड्या हवेत सावलीत तीन ते चार दिवस पुरतात. झाले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, एक तुकडा मोडून पाहा: वाकला तर आणखी एक दिवस ठेवा, पापडासारखा कट्‌कन तुटला तर बरणीत भरा. मागच्या वर्षी तुमचे तुकडे नक्कीच वाकत असणार.

आता मिश्रण. व्हिडिओतल्या कृतींत वास धरून ठेवण्यासाठी ओरिस नावाच्या एका कंदाची पूड सांगतात, आणि ती आपल्याकडे कोणत्याच दुकानात मिळत नाही. तिची गरजही नाही. दिवाळीच्या उटण्यात आपण जे घालतो, म्हणजे नागरमोथा, वाळा आणि कचोरा, तेच काम करतात, कारण त्यांचा वास जड असतो आणि हळूहळू सुटतो. नागरमोथ्याचा भाऊबंद असलेला लव्हाळा तर वावरात उपटून उपटून आपण थकतो. त्याच्या काळ्या गाठी फोडून वास घेऊन पाहा, एवढा त्रास देणारे तण इतके सुगंधी कसे, असे वाटेल. मी स्वतः मात्र दुकानातला स्वच्छ केलेला नागरमोथाच वापरते.

माझे प्रमाण असे असते: सालीचे तुकडे दोन वाट्या, कात्रीने बोटभर लांबीचे कापलेले वाळ्याचे तुकडे एक वाटी, जाडसर कुटलेला नागरमोथा दोन चमचे, कचोरा एक चमचा, दालचिनीचे तीन-चार तुकडे, सात-आठ लवंगा, दोन बदामफुले, चार हिरवे वेलदोडे नुसते ठेचून, आणि मूठभर दगडफूल. दगडफूल वगळू नका. सावजी मसाल्यात ते ज्या कारणाने लागते त्याच कारणाने इथेही लागते. त्याला एकटे हुंगले तर काही खास वाटत नाही, पण ते असले की बाकीचे जिन्नस एकमेकांत मिसळून येतात, आणि कनौजचे अत्तरवालेही ते वापरतात. मसाल्याची पूड करू नका, नुसते फोडा. पुडीचा वास आठवड्यात संपतो आणि धूळ मात्र उडते. वर्षाचा मसाला करताना डब्यांच्या तळाशी जे जुने उरते ते यासाठी उत्तम.

तेल घालायचेच असेल तर दहा-बारा थेंब पुरेत, आणि ते सालींवर न टाकता वाळा आणि नागरमोथ्यावर टाकून, झाकण लावून दोन ते तीन आठवडे बरणी अंधारात ठेवा; दोन दिवसांआड हलवत राहा. पहिल्या दिवशी प्रत्येक जिन्नस वेगळा ओरडतो, तिसऱ्या आठवड्यात एकच वास येतो. मग पातळ मलमलीच्या पोटल्या बांधून खुंटीला टांगा. वास मंदावला की पोटली मुठीत दाबून चोळायची, ती पुन्हा बोलू लागते.

निवृत्त मास्तर (परतवाडा, जि. अमरावती)

सपरीवाली ताईंच्या फवाऱ्याची फजिती व्होडका न मिळाल्यामुळे झालेली नाही, हे आधी सांगतो. व्होडका मिळाली असती तरी हेच झाले असते. आकडेमोड साधी आहे. सॅनिटायझरमध्ये साधारण सत्तर टक्के मद्यार्क असतो. त्याची पाव वाटी एका वाटी पाण्यात मिसळली की सव्वा वाटी मिश्रणात मद्यार्काचे प्रमाण चौदा टक्क्यांवर येते. व्होडकात मद्यार्क चाळीस-बेचाळीस टक्केच असतो, म्हणजे तिने हेच प्रमाण जेमतेम आठ-नऊ टक्के झाले असते. एवढ्या पातळ मद्यार्कात तेल विरघळत नाही, ते वरच तरंगणार. चिकटपणा आला तो बहुधा सॅनिटायझरमधल्या ग्लिसरीनमुळे. व्हिडिओ करणाऱ्याने बाटली हलवून लगेच चित्रण केले असावे आणि पाच मिनिटे थांबून पाहिले नसावे, एवढाच त्याचा अर्थ.

मद्याशिवाय फवारा हवाच असेल तर पॉलिसॉर्बेट २० नावाचा पदार्थ मिळतो. एक भाग तेलात त्याचे साधारण चार भाग आधी नीट घोटायचे आणि मग पाणी थोडे थोडे घालायचे, म्हणजे तेल पाण्यात मिसळून राहते. परंतु नुसत्या पाण्यात केलेले असे मिश्रण आपल्या उकाड्यात लवकर नासते, त्यामुळे दोन-तीन दिवसांपुरतेच करावे लागते. माझे मत विचाराल तर खेड्यातल्या घरासाठी हा उद्योग नको. मृगबहार ताईंच्या पोटल्या पुष्कळ बऱ्या.

थर्माकोलला भोक पडले त्याचे कारण असे, की संत्र्याच्या सालीच्या तेलाचा नव्वद टक्क्यांच्या वर भाग लिमोनिन या द्रव्याचा असतो आणि ते थर्माकोलला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, विरघळवते. यावरून तेल अस्सल आहे असे मात्र समजू नका, कारण थिनर आणि टर्पेंटाइनही हेच करतात. भेसळ पाहायची असेल तर कोऱ्या कागदावर या तेलाचा एक थेंब आणि शेजारी शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. संत्र्याचे तेल उडून जाऊन फार तर फिकट पिवळी खूण राहायला हवी. दोन्हीकडे सारखेच तेलकट कडे उरले, तर त्यात खाण्याचे किंवा खनिज तेल मिसळलेले आहे. वाळ्याच्या किंवा चंदनाच्या तेलाला ही परीक्षा लावू नका, ती तेले मुळातच जड असल्यामुळे रेंगाळतात.

शेजारीणबाई म्हणतात ते अर्धे खरे आहे. संत्रे, लिंबू, निलगिरी यांचा वास हलका असतो आणि तो आधी उडतो, लवंग-दालचिनीचा त्यानंतर, वाळा, नागरमोथा, चंदन यांचा सर्वांत शेवटी. थंड देशातल्या कृती तिथल्या वीस अंशांच्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा हलक्या तेलांनी भरलेली आणि वास वर यावा म्हणून काड्या खोचलेली बाटली महिनोन्महिने टिकेल ही अपेक्षाच चुकीची. म्हणून उन्हाळ्यात जड वासांचे प्रमाण वाढवावे आणि संत्रे फक्त वरच्या चवीपुरते ठेवावे. थंडीत उलटे करावे. काड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, बांबूच्या काड्या मी लावून पाहिल्या, त्या जवळजवळ कोरड्याच राहिल्या. वाळ्याच्या मुळ्यांची दोऱ्याने बांधलेली जुडी मात्र तेल बऱ्यापैकी वर खेचते.

गुलाबाच्या वासाची आवड असेल तर आपल्या सातपुड्यातले रोशा गवत आठवा, ज्याला काही भागांत तिखाडी म्हणतात. त्याच्या तेलात जिरेनिऑल हे गुलाबासारख्या वासाचे द्रव्य भरपूर असल्यामुळे ते गुलाबाच्या जवळ जाते, इतके की इंग्रजांच्या काळात खानदेश-निमाडाकडचे हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. आज खऱ्या गुलाबाचे तेल म्हणून स्वस्तात जे विकले जाते ते घेण्यापेक्षा रोशाचे तेल रोशाच्या नावाने घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कापसाच्या खोलीत लोबान, धूप, मेणबत्तीवर तापणारी तेलाची वाटी, यांपैकी काहीही नेऊ नका. लहानपणी आपण सर्वांनी संत्र्याची साल दिव्याजवळ पिळून ठिणग्यांचा फवारा उडवलेला आहे. तो जो तडतडतो तो हाच लिमोनिन. साधारण ४८ अंश तापमानाला त्याच्या वाफेला ठिणगी मिळाली तर ती पेट घेऊ शकते, आणि टिनाखालची किंवा कवेलूखालची खोली मे महिन्यात त्या आकड्यापासून फार दूर नसते. शेजारी कापसाचा ढीग असताना हा खेळ नको.

आणखी एक. नुसत्या सरकीचा वास कुबट नसतो. कुबट वास याचा अर्थ ढिगाच्या खाली कुठेतरी ओल आहे. खरेदी केंद्रावर कापसात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. तेव्हा सुगंधाचा विचार करण्याआधी उरलेला ढीग एका बाजूला सारून खालची जमीन हाताने चाचपून पाहा.

दवाखान्यातली ताई (गडचिरोली)

मास्तरांच्या शेवटच्या परिच्छेदाला मी दोन्ही हात जोडते, आणि थोडे कठोर लिहिते, त्याबद्दल राग नसावा.

ज्या घरात दमा आहे आणि दीड वर्षाचे मूल आहे, त्या घरात सुगंध नैसर्गिक आहे की बाजारातला, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. लोबान नैसर्गिकच आहे, पण त्याचा धूर दम्याच्या रुग्णाला चुलीच्या धुरासारखाच बाधतो. सासूबाईंना पोटलीचासुद्धा त्रास होऊ शकतो, म्हणून पहिली पोटली त्यांच्या झोपण्याच्या जागेपासून दूर टांगा, दोन दिवस पाहा आणि त्यांनाच विचारा. निलगिरी, पुदिना आणि कापूर यांची तेले या घरात मुळीच नकोत. लहान मुलाने निलगिरीचे थोडेसे तेल गिळले किंवा कापराची वडी खाल्ली, तरी थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, आणि आपल्याकडे कापराची डबी देवाजवळ हाताच्या उंचीवर उघडीच असते. लवंगेचे आणि दालचिनीचे तेल त्वचेवर सांडले तर आग होते. चार वेळा पाण्याने धुण्याआधी त्या जागी खोबरेल लावून पुसून घेतले तर ते लवकर निघते. सगळ्या बाटल्या कुलपात ठेवा.

कुबट वासावर पुष्कळ घरांत डांबराच्या गोळ्या टाकतात, म्हणून त्याविषयी लिहिणे भाग आहे. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मतः उणीव असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फुटतात आणि त्यांना गंभीर कावीळ होऊ शकते. त्या गोळ्यांत ठेवलेले कपडे अंगात घातले तरी पुरते. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी गावोगाव माहीत झाली आहे, परंतु या उणिवेचे नावही बहुतेक आयांनी ऐकलेले नसते.

शेवटचा मुद्दा वासाच्या उगमाचा. अनेक घरांत कापसाच्याच खोलीत फवारणीचे औषध आणि पंप ठेवलेले असतात. तेलकट, उग्र वास त्याचा तर नाही ना, हे आधी पाहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. औषधाचा वास आणि गॅसचा वास हे आपल्याला सावध करण्यासाठीच नाकाला येतात. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात तो मुद्दाम घालतात. त्यांच्यावर दालचिनी टाकून ते झाकणे हा शहाणपणा नव्हे. आणि कितीही सुबक दिसली तरी औषधाची रिकामी बाटली फवाऱ्यासाठी धुऊन घेऊ नका.

थंडपाणी (हिंगणघाट, जि. वर्धा)

मी दर उन्हाळ्यात शे-दीडशे कूलर उघडतो, म्हणून कूलरच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे लागते. टाकीत तेल टाकू नका. ते पाण्यात मिसळत नाही, पाण्याच्या कडेने एक चिकट पट्टा धरते, त्यावर धूळ बसते, आणि पंपाच्या प्लास्टिकला व रबराला संत्र्या-लवंगेचे तेल हळूहळू खाते. मागच्या वर्षी एका घरी पंप बदलला, त्याचे पाते हाताला मऊ लागत होते. टाकीला लवंगेचा वास येत होता. पहिल्या दिवशी खोलीभर घमघमाट होतो हे खरे, पण तो एवढ्या जोराचा असतो की दम्याचा माणूस त्या खोलीत बसू शकणार नाही.

आपल्या आज्या-पणज्या यासाठी वाळाच वापरत होत्या आणि त्यात सुधारणा करण्यासारखे मला काही दिसलेले नाही. पूर्ण ताटी वाळ्याची परवडत नसेल तर नेहमीच्या लाकडी गवताच्या ताट्या ठेवा आणि पाव किलो वाळ्याची सैल पोटली, ताटीवर पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाखाली बांधा, म्हणजे पाणी आधी वाळ्यातून झिरपून मग ताटीवर पडेल. बांधण्याआधी वाळा दोन पाण्यांत चांगला खळबळून घ्या, कारण मुळ्यांना माती असते आणि ती पंपात अडकते. पहिल्या दिवशी पाणी तांबूस दिसेल, त्याची काळजी नको. ओल्या वाळ्याचा वास म्हणजे पहिल्या पावसाने भिजलेल्या वावराचा वास. त्याने डोके दुखत नाही. महिना-दीड महिन्याने पोटली उन्हात सुकवून पुन्हा बांधावी आणि हंगामात एकदा बदलावी. आपल्याकडच्या जड पाण्याने मुळ्यांवर पांढरी खपली धरली की वास येणे थांबते, तीच बदलण्याची खूण.

वाळा घेताना हिरवागार आणि कोरडा असतानाच घमघमणारा घेऊ नका. त्याला रंग आणि एसेन्स मारलेले असते. खऱ्या मुळ्या पिवळसर तपकिरी, केसासारख्या बारीक आणि हातात कुरकुरणाऱ्या असतात. कोरड्या असताना त्यांचा वास मंद असतो, दोन थेंब पाणी शिंपडले की तो उठतो. दुकानदारासमोरच शिंपडून पाहावे.

आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. कूलरला येणारा शेवाळी वास त्याशिवाय कशानेच जात नाही, आणि त्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो तो वेगळाच.

मृगबहार

मास्तरांनी धुपाला मनाई केली, ती बरोबरच आहे. धुराशिवाय लगेच वास हवा असेल, म्हणजे पाहुणे येणार असतील, तर स्वयंपाकघरात जुन्या पातेल्यात चार पेले पाणी, मूठभर साल, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा आणि एक बदामफूल घालून मंद आचेवर वीस मिनिटे ठेवा. चुलीवरचा स्वयंपाक झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर हे फार छान होते. पाणी आटू देऊ नका, नाहीतर साल करपून सगळ्या घराला जळका वास लागतो आणि तो दोन दिवस जात नाही. माझे एक पातेले असेच गेले. तेच जिन्नस दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळता येतात. फक्त हे उन्हाळ्यातच करावे. पावसाळ्यात आधीच भिंतींना ओल असते, त्यात आणखी वाफ सोडली तर कुबटपणा वाढतो.

सपरीवाली

सर्वांचे मनापासून आभार. साडेपाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण बरणी मुरण्याआधी लिहिण्यात अर्थ नव्हता.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी ढीग सारला. मागच्या कोपऱ्यात एक कवेलू फुटलेले होते, फेब्रुवारीच्या अवकाळी पावसात तिथून पाणी झिरपले होते, आणि खालचा हातभर कापूस काळा पडून गादीसारखा दबला होता. तोच तो वास. तेवढा कापूस बाहेर काढला, कवेलू बदलले, जमीन चार दिवस उघडी ठेवून सुकवली, भिंतीला पुन्हा चुना दिला. पिवळे डागही त्यात झाकले गेले. फवारणीचे औषध त्या खोलीत नव्हते, पण पंप होता, तो गोठ्याकडच्या कुलपाच्या कोठीत हलवला. वास चारातल्या तीन हिश्श्यांनी इथेच कमी झाला, आणि मी मात्र त्याच्यावर संत्र्याचे तेल शिंपडत होते.

पोटल्यांची पहिली खेप माझ्या हाताने बिघडली. लवंगा आठ घालायच्या त्या मी वीस घातल्या आणि वर लवंगेचे तेलही टाकले. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटून राहिलं मले." दुसऱ्या खेपेत लवंगा सहा, तेल अजिबात नाही, वाळा आणि नागरमोथा दुप्पट, असे केले. ती पोटली आधी सपरीत, म्हणजे ओसरीत, दोन दिवस टांगली, मग माजघरात. त्यांना ढास लागली नाही. दुपारी खिडकीचा वारा आला की वास येतो, नाहीतर येत नाही, आणि तेच त्यांना आवडले. कूलरला वाळ्याची पोटली परवा बांधली. तांबूस पाणी पाहून यजमानांनी टाकी गंजली म्हणून आरडाओरड केली, तेव्हा थंडपाणी भाऊंचे उत्तर त्यांना वाचून दाखवले.

एकच शंका उरली आहे. राखून ठेवलेल्या बरणीत मोहरीपेक्षा लहान, तपकिरी किडे फिरताना दिसत आहेत. साली कट्‌कन तुटतात, बुरशी कुठेच नाही. हे कुठून आले?

मृगबहार

मसाल्यातून आले. वर्षाचा जुना मसाला वापरला असेल तर बहुधा दालचिनीच्या घड्यांत किंवा बदामफुलात त्यांची अंडी होती. बरणी ओतून साली आणि वाळा चाळून वेगळे करा. पोखरलेले मसाले, ज्यांच्यातून बारीक पीठ गळते, ते टाकून द्या. बाकीचे सगळे घट्ट डब्यात घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, तो खोलीइतका कोमट होऊ द्या, नाहीतर आत दव धरेल आणि साली पुन्हा वाकू लागतील.